बोलता येईल इतक्या वेगाने

माझा नवरा घरात बोलत नाही. भांडण झालं म्हणून नाही, राग आहे म्हणूनही नाही. त्याला बोलायचं सुचतच नाही. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "शांत आहे मुलगा. तुझ्यासारखीला बराच." करोल बागेतल्या आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं एकाच वेळी बोलायची, त्यामुळे शांत नवरा म्हणजे मला चैनच वाटली. शांत माणूस वेगळा आणि तोंडात मिठाची गुळणी धरलेला वेगळा, हे पुढे कळलं. तो नागपूरचा, केंद्र सरकारच्या नोकरीतला, आणि बोलणं फायलीवर शेरा मारल्यासारखं. "चहा?" "वीजबिल भरलं." "दार लावलंस?" बाकीचं सगळं बोलायचं खातं माझ्याकडे. ते मी वीस-बावीस वर्षं चोख सांभाळलं. मुलगा घरात होता तोवर ते जाणवलं नाही, कारण तो माझ्यावर गेलाय. तो बंगळूरला शिकायला गेला आणि द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचाच काय तो आवाज उरला.

पळायला आम्ही लागलो ते साखरेमुळे. नवऱ्याच्या रक्तात ती जरा जास्त निघाली आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. एकट्याने तो गेला नसता, म्हणून मीही निघाले. आमच्या सेक्टरमध्ये पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्याचे म्होरके म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पाय काटकुळे आणि आवाज लाउडस्पीकरसारखा. त्यांनी आम्हाला बागेत चालताना पकडलं आणि म्हणाले, "चलना क्या जी, भागो! उम्र ही क्या है आपकी!" माझं वय काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. पण नवऱ्याने मान डोलावली, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघं नवे बूट घालून अंधारात उभे होतो.

त्या ग्रुपचा एक नियम होता. म्हणजे तो लांब पळणाऱ्या सगळ्यांचाच असतो, पण हे गृहस्थ तो कायद्यासारखा राबवायचे. रविवारची लांबची दौड बोलता येईल इतक्याच वेगाने पळायची. बोलताना धाप लागली तर तुम्ही जास्त जोरात पळताय. नव्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं, पळायचं म्हणजे ऊर फुटेस्तोवर पळायचं. हे काका मधल्या कुठल्या तरी चौकात स्कूटर लावून उभे राहायचे आणि आपण समोरून गेलो की ओरडायचे, "हां जी, कुछ बोलो!" मग पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं. नाही जमलं तर, "धीरे! धीरे!"

माझ्या नवऱ्यासाठी नियम म्हणजे नियम. पहाटे रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा लागला तर गाडी थांबवून हिरव्याची वाट बघणारा माणूस आहे तो. बोलत पळायचं असं ठरलं, तर तो बोलायला लागला. सुरुवातीला पाट्या वाचायचा. "सेक्टर दहा. पुढे शाळा आहे. येथे कचरा टाकू नये." मला इतकं हसू यायचं की माझाच दम तुटायचा. मग पाट्या संपल्या. रस्ते तेच, पाट्या त्याच. किती वेळा वाचणार? एका रविवारी, पाट्या संपल्यावर, तो म्हणाला, "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ऑफिसातून येताना एक स्टॉप आधी उतरायचो."

मी विचारलं, "का?"

"घरी येऊन तुला काय सांगायचं ते जुळवत चालत यायचो. दारात पोचेपर्यंत सगळं विसरायचो."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याची बस उशिरा येते.

पळताना हे त्याला कसं जमायचं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. बघितलं तर पाय खड्ड्यात जाईल. शिवाय बोलणं मध्येच थांबलं तरी ओशाळं वाटत नाही, कारण पाय चाललेलेच असतात. काही का असेना, रविवारी पहाटे मला एक दुसराच नवरा मिळायचा. साहेबाची भीती वाटते हे सांगणारा, आईच्या हातच्या वड्यांची आठवण काढणारा, मुलाला विमानतळावर सोडून आल्यावर ऑफिसच्या बाथरूममध्ये रडलो हे सांगणारा. घरी मी त्याला 'अहो' म्हणते. आमच्याकडे तीच पद्धत. पळताना मात्र कधी 'तू' म्हणायला लागले ते मला कळलंही नाही. त्याने काही म्हटलं नाही. घरात शिरलो, बूट काढले की तो पुन्हा "चहा?" वर यायचा आणि मी 'अहो' वर. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आठवड्यातून एकदा मिळत होतं, ते पुष्कळ होतं. खोटं कशाला सांगू, मी त्याच्या नव्याने प्रेमात पडले होते, आणि या वयात ते लाजिरवाणं वाटण्याइतकं सुखाचं होतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याने त्याच्या दादाचा विषय काढला. त्याला मोठा भाऊ आहे, एवढंच मला माहीत होतं. "आमचं येणंजाणं नाही," या एका वाक्यावर सासरी तो विषय बंद व्हायचा. लग्नात तो नव्हता, एकाही फोटोत नव्हता. आता दर रविवारी त्यातलं थोडं थोडं बाहेर यायला लागलं. दादाने कॉलेज सोडलं, सासऱ्यांनी त्याला घराबाहेर काढलं, दोघं भाऊ पूर्वी एकाच पांघरुणात झोपायचे, सायकल दादाच पुसून द्यायचा. दौड संपली की गोष्टही थांबायची, पुढच्या रविवारपर्यंत. मधे मी विचारायचे नाही. एकदा सोमवारी स्वयंपाकघरात विचारलं होतं, तर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच कुणाच्या भावाबद्दल बोलत होते.

माझी नडगी दुखायला लागली ती त्याच सुमारास. उजव्या पायाची, आतल्या बाजूने, घोट्याच्या वर.

पळणारे लोक एरवी शहाणे असतात, पण दुखण्याच्या बाबतीत एकेक जण उंटावरचा शहाणा. ग्रुपवर विचारायची खोटी. कुणी बर्फ सांगतो, कुणी हळद, कुणी महागडे बूट. रोज पहाटे कुणीतरी एक चित्र पाठवतं, डोंगरावर पळणारा माणूस आणि खाली लिहिलेलं की दुखणं म्हणजे शरीरातून बाहेर पडणारा कमकुवतपणा. ते ज्याने लिहिलं त्याची नडगी मला एकदा दाबून बघायची आहे. तरी एक गोष्ट आम्हा सगळ्यांनाच पाठ असते. सुरुवातीला दुखतं आणि अंग तापलं की थांबतं, ते स्नायूचं. त्यावर पळालं तर चालतं. पळता पळता वाढत जातं आणि बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी दुखतं, ते हाडाचं; तिथे थांबायचंच. खात्री करायची तर त्या एका पायावर उभं राहून उडी मारायची. कळ आली तर हाड.

मी ती उडी मारली नाही. कशाला मारायची? निकाल मला माहीत होता. जिन्यावरून उतरताना मी कठड्याला धरत होते, आणि माझ्या ऑफिसात लिफ्टशिवाय मजला चढत नव्हते. पण नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे आदेश काढला असता: आराम. तो एकटा पळाला असता, मी घरी बसले असते, आणि रविवारची ती पहाट आमच्या हातातून गेली असती. हाड भरून येतं म्हणतात. या माणसाचं तोंड एकदा मिटलं तर पुन्हा उघडेल का, याची मला अजिबात खात्री नव्हती. म्हणून मी दुखणं अंगावर काढलं. पळायच्या आधी बाथरूममध्ये मलम चोळायचं, वर लांब मोजा चढवायचा, आणि त्याच्या उजव्या हाताला पळायचं, म्हणजे माझा उजवा पाय पलीकडच्या बाजूला राहतो आणि त्याला सहज दिसत नाही.

दिवाळी आली. दिल्लीत मोठ्या शर्यतींचा मोसम आणि घाणेरड्या हवेचा मोसम एकदमच येतात. इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. ग्रुपमधले लोक मास्क लावून पळायला लागले. आम्ही लावले नाहीत, कारण मास्कमधून बोललेलं ऐकू येत नाही. घसा खवखवायचा, डोळे चुरचुरायचे, मी पाय ओढत होते आणि तो दादाबद्दल सांगत होता. एक गोष्ट मला तेव्हा जाणवली, की तो हल्ली आणखी हळू पळतोय. मला वाटलं, त्याला सांगायचं जास्त आहे म्हणून वेळ काढतोय. मला आनंदच झाला.

अर्धमॅरेथॉनला आम्ही दोघांनी नाव दिलं होतं. एकवीस किलोमीटर, शहराच्या मधोमध, रुंद रस्त्यांवर. वेळ बिळ काही लावायची नाही, बोलत बोलत पूर्ण करायची असं ठरलेलं. सुरुवातीला गर्दी, ढोल, मोबाइल उंच धरून पळणारी माणसं. त्यात कुणी काय बोलणार. निम्मं अंतर गेल्यावर गर्दी पातळ झाली. धुक्यातून सूर्य निघाला होता, निघाला म्हणजे नुसताच पांढरा दिसत होता. पाय एव्हाना पेटला होता. प्रत्येक पावलाला मी दात आवळत होते आणि मोकळ्या आवाजात "हं, मग?" म्हणत होते.

"मला दिल्लीची नोकरी लागली," तो म्हणाला. "निघालो त्या दिवशी बाबा स्टेशनवर सोडायला आले होते. गाडी सुटायला थोडाच वेळ होता. आणि दादा आला. त्याला कुणी सांगितलं काय माहीत. लांब उभा होता, पाण्याच्या नळापाशी. बाबांची त्याच्याकडे पाठ होती. त्याने मला बघून हात वर केला. आणि मी..."

तेवढ्यात माझा पाय गेला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि मी डांबरावर होते.

पुढचं सगळं साधंच. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी हातवारे करून अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्समध्ये तो माझा हात धरून बसला होता आणि एक अक्षर बोलला नाही. मी वेदनेने ओरडत होते, आणि तरी मधेच माझ्या मनात येत होतं की हा आता बोलत नाही आहे. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने फोटो उजेडासमोर धरला आणि वैतागून म्हणाला, "मैडम, ये आज का नहीं है. यहां पहले से क्रैक था, उसी पे आप भागती रहीं. दर्द नहीं हुआ आपको?"

"थोडा सा," मी म्हटलं.

त्याने नवऱ्याकडे बघितलं. "सर, आपने भी नोटिस नहीं किया?"

नवरा वाकून माझे बूट पिशवीत भरायला लागला.

हाडात सळई घातली. मी घरी आले आणि पलंगावर पडून राहिले. त्याने रजा घेतली. वरणभाताचा कुकर लावायचा, मला धरून बाथरूमला न्यायचा, औषधं वेळेवर द्यायचा. सेवेत काडीचीही कसूर नाही. एका दुपारी तो माझ्या उशीचा अभ्रा बदलत होता. मी सहज म्हणाले, "अहो, दिवाळीपासून तुम्ही इतके हळू का पळत होतात?"

तो थांबला. अभ्रा अर्धा चढवलेला. "तुझा उजवा पाय उशिरा पडत होता," तो म्हणाला. "शेजारी पळताना ऐकू येतं ते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने अभ्रा ओढून पूर्ण चढवला. मग म्हणाला, "तू थांबली असतीस. आणि मग... मग काय, यार."

घरात बोललेलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं. मी आधी चिडले. बायकोचं हाड चिरत चाललंय हे कानांनी ऐकत हा माणूस मूग गिळून शेजारी पळत होता! मग मला रडू फुटलं, कारण मी तरी दुसरं काय केलं होतं? दोघांनी मिळून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि एकमेकांना दिसू नये म्हणून अंधारात. त्याला माझी काळजी नव्हती म्हणून तो गप्प राहिला, असं नव्हतं. त्यालाही ती पहाट हवी होती, माझ्याइतकीच. त्याच्या तोंडून निघालेलं प्रेमाचं यापेक्षा स्पष्ट वाक्य मला आजवर मिळालेलं नाही, आणि ते मला सळई घातलेल्या पायासकट मिळालं.

हाड जुळलं. पण तपासणीत निघालं की माझी हाडं वयाच्या मानाने फार आधी ठिसूळ झाली आहेत. डॉक्टर म्हणाले, चाला, पोहा, काय हवं ते करा, पळायचं मात्र नाव काढू नका. मी त्यांच्यासमोर शहाण्यासारखी मान हलवली आणि पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर रडले. नवऱ्याने गाडी सुरू केली नाही, माझं होईपर्यंत थांबला.

आम्ही प्रयत्न केले नाहीत असं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत चालायला जायचो. पण चालताना लोक भेटतात, "नमस्ते जी, पैर कैसा है?" होतं, त्याचा फोन वाजतो, आणि दोन फेऱ्यांनंतर आम्ही दोन शेजाऱ्यांसारखे मुकाट चालत असायचो. एकदा तो पळाला आणि मी शेजारून सायकल चालवली. कुत्री मागे लागली, आणि त्याच्या वेगात सायकल चालवली की ती तोल सोडते. एकदा तर मी बाल्कनीत दोन खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून मांडल्या. म्हटलं, समोरासमोर नसलं की येईल काही. तो बसला. विमान गेलं. मी हळूच म्हटलं, "दादा स्टेशनवर आला होता. नळापाशी उभा होता. मग?"

"जुनं झालं ते," तो म्हणाला, आणि पेपर आणायला आत गेला.

उन्हाळ्यात एका दुपारी नागपूरहून फोन आला. दादा गेला. नवरा म्हणाला, "जाऊन येतो." मी येते म्हटलं तर पायाकडे बोट दाखवलं. तेरावं करूनच परतला. मी पाणी दिलं, शेजारी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "झालं सगळं व्यवस्थित," एवढंच तो म्हणाला. पुढे काय झालं ते कळावं अशी माझी फार इच्छा होती, गोष्टीसाठी नव्हे. त्याच्या छातीत ते तसंच अडकून राहिलंय हे मला दिसत होतं आणि बाहेर काढायची जी एकच वाट आम्हाला सापडली होती, ती माझ्या पायातून जात होती.

त्यानंतरच्या रविवारी तो एकटा पळायला गेला. मग दर रविवारी. मधल्या दिवशीही. नेहमीच्याच वेळी निघायचा आणि लवकर परत यायचा, मला वाटलं, अंतर कमी केलं असेल. अंतर तेच होतं.

थंडीत पुन्हा ती शर्यत आली. तो म्हणाला नव्हता, तरी मी गेले, शेवटच्या टप्प्यावर कठड्याला धरून उभी राहिले. ग्रुपचे ते काका मला पाहून धावत आले. "भाभीजी, सर ने तो कमाल कर दिया! पिछले साल तो आप दोनों गप्पें मारते हुए भाग रहे थे. अब देखिए, उड़ रहे हैं बिल्कुल! राज़ क्या है?" मी हसले. भोवतीच्या सगळ्यांत मला एकटीलाच माहीत होतं, की तो कशामुळे एवढा वेगवान झाला.

मग तो आला. तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली, छाती भात्यासारखी वरखाली. त्या वेगात त्याला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नसतं. काका आपला नियम विसरून टाळ्या वाजवत होते. तो रेषा ओलांडून वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. मी लंगडत त्याच्यापर्यंत गेले, पाठीवर हात ठेवला. शर्ट ओलाचिंब होता.

"इतकं जोरात कशाला?" मी म्हटलं. "हळू पळायचं ना."

त्याचा श्वास यायला बराच वेळ लागला.

"हळू पळालं की बोलावंसं वाटतं," तो म्हणाला, आणि पाण्याच्या टेबलाकडे गेला.